भीती परदेशाची नव्हे, अनोळखीपणाची

मुलीचे बाळंतपण अमेरिकेत. व्हिसा मिळाला आहे, तिकीट हातात आहे, डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू आहे. पण निघायला तीन आठवडे उरले आणि आईची झोप उडते. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडते, पोट बिघडते. ‘दुबईला विमान बदलताना चुकले तर?’, ‘अधिकाऱ्याचे इंग्रजी समजलेच नाही तर?’ शेवटी ‘तब्येत बरी नाही, मी नाही जात’ असे शब्द तोंडून निघतात. हे चित्र आता अनेक मराठी घरांत दिसते. ‘त्यात काय घाबरायचे?’ असे म्हणून घरचे विषय संपवतात. त्याने भीती कमी होत नाही; ती बोलून दाखवणे तेवढे थांबते.

हा भित्रेपणा नव्हे. पुढे काय घडणार याचा अंदाज येत नाही, तेव्हा मेंदू धोका गृहीत धरतो. अमिग्डला हा भाग इशारा देतो, अ‍ॅड्रेनालिन स्रवते आणि हृदयाचे ठोके वाढतात. अशा वेळी प्रवास रद्द केला की लगेच हलके वाटते. पण त्यातून मेंदू ‘टाळले म्हणून वाचलो’ असा धडा घेतो आणि पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते. म्हणून उपाय टाळण्यात नाही, अनोळखी गोष्टींची आधी ओळख करून घेण्यात आहे.

‘तर’च्या पुढचे लिहा

कागदावर दोन रकाने करावेत. एकात ‘काय झाले तर?’ आणि दुसऱ्यात ‘तर काय करायचे?’. विमान बदलण्याची धास्ती असेल, तर विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मदत आधी नोंदवता येते. सोबतचा कर्मचारी पुढच्या विमानापर्यंत पोहोचवतो. इमिग्रेशनला प्रश्न बहुधा तीनच असतात: कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार. ही उत्तरे घरात मोठ्याने म्हणून पाहावीत. पत्ता आणि परतीचे तिकीट छापून जवळ ठेवावे. भाषा अडली तर दुभाषा मागता येतो, हे माहीत असले तरी निम्मा ताण उतरतो.

औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव हवे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ या नावाने मिळते. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात गोठू शकते, म्हणून तेही जवळच ठेवावे. घड्याळ साडेनऊ तास किंवा त्याहूनही अधिक मागे जाते, त्यामुळे मधुमेहींनी डोसच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. विमानात मधूनमधून चालावे, पोटऱ्यांची हालचाल करावी आणि पुरेसे पाणी प्यावे.

रीतभात कळली की धीर येतो

तिथल्या रोजच्या सवयी आधी समजून घेतल्या, तर अवघडलेपण कमी होते. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे. ‘हाऊ आर यू?’ हा बहुतेकदा नमस्कार असतो, तब्येतीची चौकशी नव्हे. न्हाणीघराच्या जमिनीला अनेकदा मोरी नसते. पडदा टबच्या आत सोडून अंघोळ करायची. फोडणीच्या धुराने घरातला अलार्म वाजू शकतो, म्हणून आधी पंखा लावायचा. संकटात ९११ हा क्रमांक फिरवायचा. खाऊचेही नियम असतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. त्यामुळे दुबईमार्गे जाताना खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवलेले बरे.

मात्र तयारीलाही मर्यादा हवी. दिवसातून वीस वेळा पासपोर्ट तपासणे किंवा रात्री विमान अपघातांचे व्हिडिओ पाहणे ही तयारी नसून काळजीला घातलेले खतपाणी आहे. तयारीसाठी रोज अर्धा तास ठरवावा आणि नंतर फाइल बंद करावी. धडधड वाढली तर चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सावकाश सोडावा. लांब उच्छ्वासाने शरीर शांत व्हायला मदत होते. पॅनिकचा झटका भयंकर वाटतो, पण तो साधारणतः दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागतो. छातीतले दुखणे पहिल्यांदाच जाणवत असेल किंवा हृदयविकार असेल, तर मात्र ते भीतीवर न ढकलता तातडीने तपासून घ्यावे.

पोहोचल्यावरही मन लगेच रुळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये ‘कल्चर शॉक’चे टप्पे मांडले होते. सुरुवातीचे नवलाईचे दिवस, मग चिडचिड आणि घरची ओढ, त्यानंतर हळूहळू जमवून घेणे. मुले कामावर गेली की घर सुने होते, रस्त्यावर माणूस दिसत नाही. ‘मी उगाच आले’ असे वाटण्याचा हा काळ असतो. तो येणार हे आधी माहीत असले, की तो स्वतःचा दोष वाटत नाही. रोजचे फिरणे, जवळचे वाचनालय, घरी फोन करण्याची ठरलेली वेळ यांचा आधार होतो.

झोप अनेक दिवस उडाली असेल किंवा भीतीमुळे रोजची कामेही थांबली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. भीती पूर्ण जाण्याची वाट पाहायची गरज नाही. थोडी धडधड सोबत घेऊनही विमानात बसता येते आणि नातवंडाला मांडीवर घेता येते.