जुन्या इंजिनाला मोजून पेट्रोल

गॅसच्या शेगडीची निळी ज्योत तुम्ही पाहिली आहे. हवा कमी पडली की तीच ज्योत पिवळी होते आणि भांड्याचे बूड काळे करते. इंजिनातही असेच घडते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर धूर होतो, फार कमी पडले तर इंजिन अडखळते.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६५ साली ४.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन काढले. तिच्या ट्रकांत ते वर्षानुवर्षे चालले. त्याला पेट्रोल किती लागते याचा हिशेब आपणच करू.

इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे असे समजा. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. सहांचे मिळून मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा! एका सिलिंडरात ०.८२ लिटर, म्हणजे सुमारे ०.९८ ग्रॅम हवा मावते. तिला पेट्रोल हवे अवघे ६७ मिलिग्रॅम.

हे माप पूर्वी कार्ब्युरेटर घेत असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. युक्ती नामी, पण छिद्र ठरलेले. सुमारे १६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात हवा सुमारे १५ टक्के विरळ असते. तेथे ५७ मिलिग्रॅम पुरतात, पण कार्ब्युरेटर त्या प्रमाणात हात आखडता घेत नाही.

म्हणून हौशी मंडळी अशा जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर काढून तेथे विजेवर उघडझाप करणाऱ्या पिचकाऱ्या बसवतात. यालाच इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण म्हणतात. संवेदक हवेचा दाब, तापमान व इंजिनाचा वेग कळवतात. संगणक हिशेब करतो आणि पिचकारी सेकंदाचे काही हजारांश भाग उघडतो. धुराच्या नळीतील ऑक्सिजन-संवेदक उत्तर तपासतो: पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी पडले तर ०.१ व्होल्ट. चूक कळताच संगणक पुढचे माप सुधारतो.

मात्र एक धोका ध्यानात ठेवा. पिचकारीला वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाबाने पेट्रोल पुरवावे लागते. जुना पंप एवढा दाब देत नाही आणि जुन्या रबरी नळ्या तो सोसत नाहीत. तापलेल्या इंजिनावर नळी फुटली तर आग लागते. म्हणून पंप व नळ्या बदलल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

पुढे १९८७ साली फोर्डने स्वतःच या इंजिनाला पिचकाऱ्या दिल्या आणि ते १९९६ पर्यंत बनत राहिले. लोखंडी ठोकळा, सहा सिलिंडर, दट्ट्यांची धाव, सारे पूर्वीचेच होते. सुधारले ते माप.

आता तुम्ही एक उदाहरण सोडवा: मिनिटाला ३००० फेरे असताना प्रत्येक पिचकारीला सेकंदाला किती वेळा उघडावे लागेल?