कुरण-व्यवस्थापन व गोमांसोत्पादन, आयर्लंडमधील
गवताची वाढ, गुरांची संख्या व चराईचा काळ यांचा मेळ घालून कमी खर्चात मांसासाठी गुरे वाढविण्याची पद्धती. आयर्लंडमधील बहुतेक शेतजमीन गवताखाली आहे. उत्तर अटलांटिक प्रवाहामुळे सौम्य राहणारे हवामान व वर्षभर विभागून पडणारा पाऊस यांमुळे तेथे गवत दीर्घकाळ वाढते. हिवाळ्यात गुरे गोठ्यात मुरघासावर पोसतात. २०२० च्या कृषिगणनेनुसार देशातील सु. १,३५,००० शेतांपैकी निम्म्याहून अधिक शेतांवर मांसोत्पादक गुरे हाच मुख्य व्यवसाय होता.

चराईचे तंत्र : बहुवर्षायू राय गवताच्या फुटव्यावर एका वेळी साधारणतः तीनच हिरवी पाने टिकतात, चौथे आले की पहिले वाळू लागते. यामुळे तिसरे पान पूर्ण होताना चराई करणे हितावह असते. त्याआधी चारल्यास बुंध्यातील अन्नसाठा भरून निघत नाही. उशीर झाल्यास गवताची पचनीयता घटते. याकरिता कुरणाचे कप्पे पाडतात. गवत सु. ४ सेंमी. उंचीपर्यंत खाल्ले गेले की गुरे पुढील कप्प्यात नेतात व ऐन हंगामात सु. तीन आठवड्यांनी पहिल्या कप्प्यात परत आणतात. पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात, त्यामुळे खतांचा खर्च वाचतो. चागस्क या शासकीय कृषिसंस्थेने (स्थापना १९८८) २०१७ पासून हेक्टरी १० टन शुष्क पदार्थाचा चराईत व चाऱ्यात उपयोग आणि प्रत्येक कप्प्याची वर्षातून १० वेळा चराई, हे उद्दिष्ट शेतकऱ्यांपुढे ठेवले.

तरुणांचा प्रवेश : याच गणनेनुसार सु. एकतृतीयांश शेतधारक ६५ वर्षे वा त्यांहून अधिक वयाचे, तर ३५ वर्षांखालील केवळ सु. ७ टक्के होते. जमीन मुख्यतः वारसाहक्काने मिळते, विक्रीस क्वचितच येते. सरासरी शेत सु. ३३ हेक्टरांचे असून मांसोत्पादक शेतांचे उत्पन्न बव्हंशी अनुदानांवर अवलंबून असते. परिणामी अनेक तरुण नोकरी सांभाळून शेती करतात. यावर उपाय म्हणून कृषिशिक्षणाचे प्रमाणपत्र घेतलेल्या तरुणांना मुद्रांक शुल्कात सवलत, दीर्घ मुदतीने जमीन खंडाने देणाऱ्यांना आयकरात सूट व पिता-पुत्रांसारख्या दोन पिढ्यांच्या नोंदणीकृत भागीदारीस उत्तेजन देण्यात आले. १९४४ मध्ये स्थापन झालेली माक्रा ना फेर्म ही तरुणांची संघटनाही या प्रश्नावर कार्य करते.

शेतीक्षेत्रातील हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत २०१८ च्या तुलनेत २५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट शासनाने २०२२ मध्ये ठरविले. गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन हा त्यातील मोठा घटक असल्याने गुरांची संख्या वाढवून उत्पन्न वाढविण्याचा मार्ग नव्या पिढीस फारसा खुला नाही. त्याच जमिनीतील गवताचा अधिक कसोशीने उपयोग करणे, हेच तिचे मुख्य भांडवल ठरते.