स्थलांतरितांच्या वस्तीतला ‘वॉक’ नेमका कसा असतो? मुंबई, सुरत आणि नंदुरबारची गोष्ट

मुंबईच्या मध्य रेल्वेवर मस्जिद नावाचं स्टेशन आहे. बहुतेकांना वाटतं, जवळ एखादी मोठी मशीद असेल म्हणून हे नाव पडलं. पण हे नाव ज्या वास्तूवरून आलं असं मानलं जातं, ती मशीद नाहीच. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. 1796 साली ते बांधलं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली माणसाने. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. आसपासचे लोक त्या वास्तूला मशीदच म्हणायचे आणि पुढे रेल्वेनेही तेच नाव घेतलं.

दिवेकर हे आडनाव कोकणातल्या दिवेआगरचं. म्हणजे कोकणातून मुंबईत आलेल्या एका छोट्या समाजाची खूण आज लाखो प्रवाशांच्या तोंडी आहे, पण ती कुणाची खूण हे माहीत असणारे थोडेच. अशा गोष्टी चालत चालत सांगणारे ‘हेरिटेज वॉक’ गेल्या काही वर्षांत बरेच वाढलेत. इन्स्टाग्रामवर त्यांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील.

पण हे वॉक नेमके काय दाखवतात? आणि नंदुरबारला बसून ते वाचणाऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध? तोच समजून घेऊया.

हेरिटेज वॉक म्हणजे काय?

प्रकार अगदी साधा आहे. पंधरा-वीस जणांचा गट, एक माहितगार वाटाड्या, दोन-तीन तास आणि एक-दोन किलोमीटरचा रस्ता. बसमधून शहर पाहताना मोठ्या इमारती दिसतात. पायी चालताना दुकानांच्या पाट्या, जिन्यांवरची नावं, देवळांच्या देणगीदारांचे फलक आणि हॉटेलातला मेन्यू दिसतो. स्थलांतरितांचा इतिहास बहुतेक वेळा याच ठिकाणी लिहिलेला असतो.

मुंबईत ‘खाकी टूर्स’सारखे गट असे वॉक घेतात. भरत गोठोसकर यांनी 2015 साली ही सुरुवात केली. जगात पाहिलं तर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधलं टेनेमेंट म्युझियम हे याचं गाजलेलं उदाहरण. 97 ऑर्चर्ड स्ट्रीट या जुन्या चाळवजा इमारतीत राहून गेलेल्या स्थलांतरित कुटुंबांच्या खोल्या तिथे दाखवतात आणि आसपासच्या गल्ल्यांमधून फिरवतातही.

लंडनच्या ब्रिक लेनमध्ये तर एकच इमारत पुरेशी आहे. 1743 साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांनी तिथे चर्च बांधलं. पुढे ते मेथडिस्टांकडे गेलं. 19व्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग केलं. 1976 साली बांगलादेशी समाजाने तिची मशीद केली. भिंती त्याच, फक्त गावाकडून आलेली माणसं बदलत गेली.

मुंबईत असं काय काय आहे?

मुंबई हे शहरच बाहेरून आलेल्यांनी बांधलंय. काही ठळक ठिकाणं बघा.

डोंगरीच्या इमामवाड्यात निळ्या फरशांची मुघल मशीद आहे. 1860ची. तिचं नाव मुघल असलं तरी ती इराणी शियांची आहे. इराणमधून आलेल्या दुसऱ्या लाटेने शहराला इराणी हॉटेलं दिली. धोबी तलावचं कयानी 1904 सालचं आहे.

माझगावात नवाब टँक रोडवर एका घराच्या वरच्या मजल्यावर ‘सी यप कून’ हे चिनी मंदिर आहे. ते 1919 साली बांधलं गेलं. गोदीजवळ चिनी खलाशी आणि कारागीर राहायचे. 1962च्या युद्धानंतर त्यातले बरेच निघून गेले, मंदिर मात्र राहिलं.

कामाठीपुऱ्याची ओळख आज वेगळ्याच कारणाने आहे, पण नाव आलंय ते निजामाच्या मुलखातून बांधकामावर आलेल्या तेलुगू भाषक कामाठी मजुरांवरून.

या वस्त्या जिथे आहेत तिथेच का वसल्या, यालाही कारणं आहेत. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीची वस्ती हे साथीचं मोठं कारण मानलं गेलं आणि 1898 साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर, माटुंगा भागात आखीव वसाहती उभ्या केल्या. त्यातूनच दादरची पारशी कॉलनी आणि माटुंग्याची तमिळ वस्ती आकाराला आली. पुढे 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला कामगारांसाठी बीडीडी चाळी उभ्या राहिल्या.

आणि मराठी स्थलांतरित?

स्थलांतरित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परप्रांतीय येतात. पण गिरणगावातला मराठी कामगारही बाहेरूनच आलेला होता. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली आणि ती 1856 साली ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. गावाकडून एकटा आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर झोपायचा. जेवण खानावळीत. ती चालवायच्या बायका, आणि त्यांच्यावर सावकाराचं कर्ज असायचं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

अण्णाभाऊ साठे 1931च्या सुमारास वाटेगावहून कुटुंबासोबत पायी मुंबईला आले, तेही याच कामगारांच्या जगात.

18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आहेत. बीडीडी चाळींचाही पुनर्विकास चालू आहे. राहणाऱ्यांना मोठं, हक्काचं घर मिळतंय, ते मिळायलाच हवं. पण चाळ गेली की गॅलरी, व्यायामशाळा, गावाच्या मंडळाची खोली आणि त्यांच्या आठवणीही जातात. म्हणून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन केलेलं काम मोलाचं ठरतं. इमारत राहिली नाही, तरी तिथे राहिलेला माणूस काय बोलला ते राहतं.

मग यात वाद कशाचा?

वॉक चांगलेच असतात असं नाही. तीन प्रश्न नेहमी विचारले जातात.

पहिला, आपण वस्ती बघतोय की गरिबी? धारावीत 2000च्या दशकात टूर सुरू झाल्या तेव्हा त्यांच्यावर हीच टीका झाली. तिथल्या ‘रिअ‍ॅलिटी टूर्स’ने फोटो काढायला बंदी ठेवली आणि नफ्याचा मोठा वाटा वस्तीतल्या शिक्षणाच्या कामाला दिला. तरीही वाद पूर्ण मिटलेला नाही. दारात बसलेल्या बाईला न विचारता तिचा व्हिडिओ काढून टाकणं, हा कुठल्याही वॉकमध्ये उद्धटपणाच.

दुसरा, गोष्ट कोण सांगतंय? बाहेरून अभ्यास करून आलेला माणूस, की तिथेच वाढलेला? इटलीतल्या तुरिनमधून सुरू झालेल्या ‘मायग्रंटूर’ उपक्रमात स्थलांतरित लोकच वाटाडे असतात. त्यांचं उत्पन्नही त्यातून होतं आणि गोष्टही त्यांच्या बाजूने सांगितली जाते.

तिसरा, काय वगळलं जातं? निळी मशीद आणि इराणी चहा सगळे दाखवतात. दंगली, संप, बेदखल झालेली कुटुंबं, जातीवरून नाकारलेली खोली, हे वॉकमध्ये येतं का? नसेल, तर तो इतिहास अर्धाच.

नंदुरबारचा संबंध काय?

नंदुरबार मोठं शहर नाही. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1 लाख 11 हजारांच्या आसपास होती. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवरचं गाव ते पूर्वीपासून आहे. 14व्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना इथून गेला आणि इथले मराठे कारागिरीत आणि वैद्यकात निष्णात आहेत, अशी नोंद त्याने केली. पुढे ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने हे गाव थेट सुरतेशी जोडलं.

शहरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या स्मारकापाशी हीच सरमिसळ दिसते. 9 सप्टेंबर 1942ला इंग्रजांच्या पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला. 15 वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा हुतात्मा झाले. ही आडनावं एकदा शांतपणे वाचा. गुजराती व्यापारी घरं आणि मराठी घरं एकाच यादीत आहेत. मिरवणुकीतली घोषणा गुजरातीत होती. महाराष्ट्रातल्या एका गावात, गुजराती घोषणा देत, मुलांनी तिरंग्यासाठी जीव दिला. ‘बाहेरचे’ आणि ‘आपले’ हा हिशेब मांडणाऱ्याने या स्मारकासमोर एकदा उभं राहावं.

पण जिल्ह्याची गोष्ट फक्त आलेल्यांची नाही, गेलेल्यांचीही आहे. जिल्ह्यातली जवळपास 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, नवापूर भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गुजरातेत जातात. त्यांची वस्ती काही महिन्यांची असते, पालांची. तिथे ना पाटी लागते, ना स्मारक. सरदार सरोवरात गाव बुडालेल्यांना तळोदा, शहादा भागात वसवलं गेलं, तेही आपल्याच जिल्ह्यात स्थलांतरित झाले.

आणि कायमचे गेलेले? सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात एकदा फिरा. कानावर अहिराणी पडते. श्रावणात कानबाईचे रोट तिथेही होतात. कापड उद्योगात कामाला गेलेल्या खान्देशी माणसांनी ही वस्ती केली. मुंबईत कोकणी माणसाचं लालबाग, तसंच सुरतेत खान्देशी माणसाचं लिंबायत.

तुम्हाला वॉक करायचा असेल तर?

बुकिंग करण्याआधी चार गोष्टी विचारा:

• वाटाडा त्या वस्तीतला आहे का, किंवा तिथला कुणी सोबत बोलणार आहे का?
• पैशातलं काही वस्तीत जातं का? निदान चहा-नाश्ता तिथल्याच दुकानात होतो का?
• गट किती मोठा आहे? चाळीस माणसं अरुंद गल्लीत शिरली की राहणाऱ्यांना त्रासच होतो.
• फोटोबद्दल नियम काय? माणसाचा फोटो विचारूनच घ्या आणि लहान मुलांचा तर टाळाच.

आणि वॉक विकत घ्यायलाच हवा असंही नाही. आपल्याच गावात, सुरतेत किंवा कल्याणला राहणाऱ्या एखाद्या थोरल्या नातेवाइकाला सोबत घ्या. पहिली खोली कुठे होती, भाडं कोणाला द्यायचे, गावाकडचा निरोप कोणासोबत यायचा, पहिल्या पगारात काय घेतलं, एवढं विचारा. ते बोलत असताना, परवानगी घेऊन, फोनवर रेकॉर्ड करा. तारीख आणि जागेचं नाव लिहून ठेवा. लालबागच्या कितीतरी खोल्यांची अशी नोंद कुणी केलीच नाही, आणि आता विचारायला त्या खोल्यांतली माणसं उरलेली नाहीत. लिंबायतमध्ये मात्र पहिल्या पिढीतली माणसं अजून आहेत.