एक फोटॉन मोजणारी तार

देऊळगाव राजापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरमधून अवरक्त प्रकाश धावतो. तरंगलांबी साधारण १५५० नॅनोमीटर. त्याचा एकच कण, म्हणजे एक फोटॉन, टिपायचा तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन कामाचं नाही. सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे ते आंधळंच.

इथे लागते नायोबियम नायट्राइडची नागमोडी तार. जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास, रुंदी सुमारे १००. उणे २७० अंश सेल्सिअसला तिच्यातून वीज विनारोध वाहते. फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अतिसंवाहकता मोडते, रोध उभा राहतो आणि व्होल्टेजचा ठोका उमटतो. काही नॅनोसेकंदांत तार पुढच्या फोटॉनसाठी तयार! २००१ मध्ये मॉस्कोच्या ग्रेगरी गोल्ट्समन यांच्या गटाने हे दाखवलं. याच पदार्थाच्या पातळ थरांतल्या अतिसंवाहकतेवर कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने मूलभूत संशोधन केलं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने व्हिडिओ पाठवला (तोही मांजराचा). कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत तो अशाच तारांनी टिपला. फक्त त्या टंगस्टन सिलिसाइडच्या होत्या.