दिसतं तिथं गाडी थांबत नाही

रात्रीच्या अंधारात इंजिनाच्या पुढच्या दिव्याचा झोत रुळावर साधारण ३०० मीटरपर्यंत कामाचा असतो. त्याच इंजिनामागे ताशी ७५ किलोमीटर वेगाने मालगाडी धावत असेल, तर आपत्कालीन ब्रेक लावल्यावर ती थांबायला पाचशे-सहाशे मीटर लागतात. दिव्यात काही दिसलं आणि त्याच क्षणी ब्रेक लावला, तरी गाडी ती जागा ओलांडूनच थांबते. चालक कितीही कसलेला असला, तरी हे गणित बदलत नाही.

रस्त्यावर गाडी चालवताना आपण नकळत एक नियम पाळतो: जेवढं दिसतं, तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवायचा. घाटात, धुक्यात किंवा वळणावर पाय आपोआप ब्रेकवर जातो. लोको पायलटला हा नियम पाळताच येत नाही. तो पाळायचा म्हटलं, तर मनमाडहून छत्रपती संभाजीनगरला यायला अख्खी रात्र जाईल. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या लोकलचा चालक असो की लासूर-पोटूल दरम्यान मालगाडी नेणारा आपला लोको पायलट असो, दोघंही नजरेपलीकडच्या रुळावर विश्वास ठेवून गाडी चालवतात. हा विश्वास कशाच्या जोरावर टिकतो आणि कुठे अपुरा पडतो, हे इंजिनाच्या काचेमागून पाहिलं तर नीट कळतं.

पोलादावर पोलाद

चाक पोलादाचं आणि रूळही पोलादाचा. प्रत्येक चाक रुळाला टेकतं ते जेमतेम नखाएवढ्या जागेवर. पोलाद फारसं दबत नसल्यामुळे चाक फिरताना ऊर्जा वाया जात नाही. रबरी टायरच्या तुलनेत हा विरोध कितीतरी कमी असतो, म्हणून एक इंजिन हजारो टन माल ओढू शकतं. पण जो गुण ओढताना कामी येतो, तोच थांबताना आड येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड गाडीच्या वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मिळते. कोरड्या रुळावर ती २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असते आणि ओल्या रुळावर १० टक्क्यांपर्यंतही खाली येते.

मुसळधार पावसापेक्षा रिमझिम जास्त त्रासाची. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो, पण पावसाळ्याच्या तोंडावरची भुरभुर रुळावरची धूळ, गंज आणि तेल कालवून त्याचा निसरडा थर करून ठेवते. चाकं घसरू लागली की चालक चाकासमोर वाळू सोडतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा हा उपाय आजच्या इंजिनांतही आहे. फिनलंडमध्ये हाच त्रास शरद ऋतूत रुळावर पडून चिरडल्या जाणाऱ्या पानांमुळे आणि पुढे हिमामुळे होतो.

आता हिशेब करून पाहू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. याच वेगातली मोटार कोरड्या रस्त्यावर चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरून साधारण ९० मीटरमध्ये थांबते. प्रवासी गाडीला आपत्कालीन ब्रेक लावला, तरी अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर लागतं.

मालगाडीची अडचण आणखी वेगळी आहे. इंजिनापासून शेवटच्या वॅगनपर्यंत एक नळी जाते आणि तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा असते. हा दाब कमी केला की ब्रेक लागतात. नळी तुटली किंवा डबे सुटले तर दाब आपोआप उतरतो आणि गाडी स्वतःहून थांबते. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने एकोणिसाव्या शतकात आणलेलं हे तत्त्व आजही जगभर वापरात आहे. मात्र दाब कमी झाल्याचा निरोप पाऊणएक किलोमीटर लांब गाडीच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम आवळले, तर मागचे डबे पुढच्यांवर आदळतील. त्यामुळे मालगाडीचे ब्रेक मुद्दामच सावकाश, १८ ते ३० सेकंदांत पूर्ण लागतील असे बनवलेले असतात. प्रवासी गाडीत हेच काम ३ ते ५ सेकंदांत होतं. मालगाडीचा चालक ब्रेक लावतो, तेव्हा पहिले काही सेकंद गाडी जवळपास आधीच्याच वेगाने धावत असते.

डोळ्यांची मर्यादा

दौलताबादच्या अलीकडे किंवा करमाडच्या पुढे सरळ रूळ लागला की समोर दोन रेषा दूरवर एकमेकींना मिळताना दिसतात. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे. माणसाचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. या हिशेबाने दोन रूळ वेगळे दिसायचे थांबतात ते साडेपाच किलोमीटरच्या पुढे. प्रत्यक्षात धूळ आणि उन्हाची झळ ही मर्यादा खूप अलीकडे आणतात.

रुळावर आडव्या पडलेल्या माणसाची उंची फार तर २५ सेंटिमीटर भरेल. ६०० मीटरवरून तो डोळ्याच्या याच मर्यादेच्या काठावरचा एक ठिपका असतो. भर दुपारीसुद्धा तो माणूस आहे, पोतं आहे की खडीचा ढीग, हे तिथून सांगता येत नाही. गाडी ताशी ७५ किलोमीटर वेगात असेल, तर हा ठिपका दुप्पट मोठा दिसायला चौदा सेकंद लागतात. त्याच्या दुप्पट व्हायला सात आणि पुढच्या दुपटीला साडेतीन. समोरून येणारी वस्तू बराच वेळ तेवढीच दिसते आणि शेवटच्या क्षणी एकदम अंगावर येते, ती यामुळेच.

या फसवणुकीची दुसरी बाजू आपल्याला, म्हणजे फाटकावर किंवा रुळाकाठी उभ्या असलेल्यांना भोवते. मोठी वस्तू छोट्या वस्तूपेक्षा सावकाश येते आहे असं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांचं एक कारण म्हणून याकडे लक्ष वेधलं. 'गाडी लांब आहे, होईल पार' हा अंदाज करणारा माणूस बेफिकीर असेलच असं नाही. त्याचा मेंदूच त्याला चुकीचा वेग सांगत असतो.

लांबवर पोचणारे निरोप

डोळे आणि ब्रेक यांचा मेळ बसत नाही, म्हणून रेल्वेने गेली दीडशे वर्षं एकच काम केलं आहे: चालकाला पुढची खबर आधी द्यायची. स्टेशनात शिरण्याची परवानगी देणाऱ्या होम सिग्नलच्या किमान एक किलोमीटर अलीकडे डिस्टंट सिग्नल असतो. तो पिवळा दिसला, तर पुढचा सिग्नल लाल असू शकतो असं समजून चालकाने वेग उतरवायचा. दोन पिवळे दिवे म्हणजे सावधगिरीने पुढे यायचं, आणि हिरवा म्हणजे वाट मोकळी. सिग्नल जवळ आल्याची सूचना देणारे फलक त्याच्याही आधी लागतात. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं, म्हणजे इथून फाटकासाठी शिटी द्यायची. छत्रपती संभाजीनगर शहरातल्या शिवाजीनगरच्या फाटकावर ज्यांनी ताटकळत शिट्या ऐकल्या आहेत, त्यांना ही पाटी मात्र कधी दिसलेली नसते. ती फक्त इंजिनातून दिसते.

याहून मोठा आधार म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचा नियम: एका वेळी त्या टप्प्यात एकच गाडी. हैदराबादच्या निजाम राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड-छत्रपती संभाजीनगर हा आपला मार्ग मीटरगेजचा म्हणून सुरू झाला आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. अंकाईहून शहराकडे येणाऱ्या या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली आहे. एकेरी मार्गावर मात्र समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठल्या तरी स्टेशनात थांबून क्रॉसिंग घ्यावंच लागतं. तपोवन किंवा मराठवाडा एक्स्प्रेस एखाद्या छोट्या स्टेशनात विनाकारण उभी आहे असं वाटतं, तेव्हा बहुधा पुढच्या टप्प्यात समोरून दुसरी गाडी आलेली असते.

हे निरोप चालकाच्या लक्षात यावेत यासाठीही योजना आहेत. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात, हातही त्या दिशेला करतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही औपचारिकता वाटेल. पण डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीत गुंतले की मन भरकटत नाही. जपानच्या रेल्वेत हीच पद्धत फार काटेकोरपणे पाळली जाते. शिवाय इंजिनात एक दक्षता यंत्र असतं. चालकाने सुमारे मिनिटभर कुठलंच नियंत्रण हाताळलं नाही, तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लागतात.

धुक्यातला धडा आणि कवच

एवढं करूनही सगळी भिस्त एका गोष्टीवर राहते: चालकाला सिग्नल दिसला पाहिजे. २१ एप्रिल १९९६ रोजी फिनलंडमधल्या योकेला इथे दाट धुक्यात चालकाच्या नजरेतून डिस्टंट सिग्नल सुटला. ज्या सांध्यावर ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा होती, त्यावरून गाडी १२० हून अधिक वेगाने गेली आणि चार जणांचा जीव गेला. दोन वर्षांनी, मार्च १९९८ मध्ये युवास्कुला इथे अतिवेगानेच घात केला आणि दहा जण दगावले. त्यानंतर फिनलंडने आपली स्वयंचलित गाडी-नियंत्रण यंत्रणा मार्गांवर बसवण्याचा वेग वाढवला. आज तिथल्या चालकाला पुढच्या सिग्नलची आणि वेगमर्यादेची माहिती केबिनमध्येच मिळते. त्याने दुर्लक्ष केलं, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

भारताने याच कामासाठी 'कवच' ही यंत्रणा स्वतः विकसित केली. तिच्या पहिल्या चाचण्या दक्षिण मध्य रेल्वेवर झाल्या, आणि २०२० मध्ये तिला राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारण्यात आलं. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेले टॅग इंजिनाला त्याची नेमकी जागा सांगतात आणि स्टेशनातून रेडिओवर सिग्नलची स्थिती येते. लाल सिग्नल ओलांडला जाण्याची चिन्हं दिसली किंवा वेग मर्यादेबाहेर गेला, तर कवच ब्रेक लावतं. फाटक जवळ आलं की शिटीही तेच वाजवतं. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादजवळच्या प्रात्यक्षिकात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव इंजिनात असताना कवचने पुढच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे गाडी थांबवली.

शहराने अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे देशात कवच सर्वांत आधी ज्या दक्षिण मध्य रेल्वेवर मोठ्या प्रमाणात बसलं, तिच्या पहिल्या १४६५ किलोमीटरमध्ये मनमाड-मुदखेड हा आपला मार्गही आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि विजेच्या तारांखालून धावणाऱ्या वेगवान गाड्यांचा काळ मराठवाड्यात आला. वेग वाढतो तसं थांबण्याचं अंतर त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं: वेग दुप्पट तर अंतर चौपट. म्हणूनच कवच ही आता चैन राहिलेली नाही.

यंत्राला न दिसणारा माणूस

तरीही कवचला एक मर्यादा आहे. त्याला सिग्नल दिसतो, दुसरी कवचधारी गाडी दिसते, वेग कळतो. रुळावरचं जनावर, दगड किंवा माणूस त्याला दिसत नाही.

८ मे २०२० च्या पहाटे करमाड आणि बदनापूर दरम्यान जे घडलं, ते या मर्यादेच्या पलीकडचं होतं. करोनाच्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून, थकलेल्या अवस्थेत ते रुळावरच झोपले. सव्वापाचच्या सुमारास हैदराबादजवळच्या चर्लापल्लीहून मनमाडकडे निघालेली रिकाम्या टँकरची मालगाडी आली. लोको पायलटने माणसं दिसताच गाडी थांबवण्याचा प्रयत्न केल्याचं रेल्वेने सांगितलं. १६ जणांचा जीव गेला. प्रवासी गाड्या बंद असल्या, तरी इंधन आणि धान्य वाहणाऱ्या मालगाड्या त्या काळातही चालूच होत्या. वर दिलेले आकडे पुन्हा वाचले, तर ब्रेक लावूनही गाडी का थांबू शकली नाही, हे वेगळं सांगायला नको. ती माणसं रुळावर का आली, याचं उत्तर मात्र भौतिकशास्त्राजवळ नाही, ते त्या दिवसांतल्या आपल्या व्यवस्थेकडे मागावं लागतं.

रूळ ओलांडणाऱ्याला वाटतं, आपण चालकाला दिसतो आहोत, तो थांबवेल. दिसणं आणि थांबवता येणं यांत किमान दोन-तीनशे मीटरचं अंतर आहे, आणि ते अंतर कुठलाही चालक कमी करू शकत नाही. म्हणून मुकुंदवाडी, चिकलठाणा किंवा करमाडला रूळ ओलांडायचा असेल, तर पादचारी पूल किंवा फाटकच वापरा. बंद फाटकाखालून दुचाकी वाकवून नेऊ नका. कानात हेडफोन घालून रुळाकाठी चालू नका, आणि आज गाडी नाही हे कुणाच्याही सांगण्यावरून खरं धरू नका. रेल्वेची सगळी यंत्रणा दोन गाड्यांना एकमेकींपासून दूर ठेवण्यासाठी आहे. माणसाने गाडीपासून दूर राहणं हे माणसाच्याच हातात आहे.