मिठागर

एखाद्या धंद्याचा मोठेपणा त्यांतील नफ्यावरून नव्हे, तर त्यास लागणाऱ्या धीरावरून मोजावा. पेण-उरणकडील मिठागरें पाहिलीं म्हणजे हें मनास पटतें.

उधाणाचें पाणी बांध घातलेल्या खाजणांत घेतात व एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत सोडीत उन्हानें आटवितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याचे नऊ दशांश आटल्यावर मिठाचे स्फटिक धरूं लागतात. उरलेलें कडवट पाणी वेळींच काढून टाकावें लागतें, नाहीं तर मॅग्नेशियमच्या क्षारांनीं मीठ कडू व ओलसर होतें. परंपरेनें हें काम करणारे आगरी बांधव भर उन्हांत, खाऱ्या चिखलांत उभे राहून लाकडी फळीनें मीठ ओढितात व राशी रचितात. इतकें करूनहि अवकाळी पावसाची एक जोराची सर कित्येक आठवड्यांचे श्रम विरघळवून नेते.

मासिक वेतनावर विसंबणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाच्या अंगीं हें साहस नाहीं. हा धंदा मी कधींहि पत्करणार नाहीं. पण त्याविषयीं आदर बाळगण्यास कोणाची आडकाठी आहे? प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली. विद्यार्थिमित्रहो, ती वस्तु किती कष्टानें हातीं येते, हें ताटांत मीठ वाढून घेतांना विसरूं नका.