पेलेटची शेगडी घरात आहे? मग राख, धूर आणि बंद खोली यांकडे लक्ष द्या

थंडी पडली की आपल्या मुरुडकडे पहाटे उठणं जिवावर येतं. दारं-खिडक्या बंद असतात आणि घरातली बाई मात्र चहा-पाण्यासाठी विस्तवापाशी बसलेली असते. रमजान दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे येत्या काही वर्षांत सेहरीचा स्वयंपाक ऐन थंडीत, बंद घरात होणार. म्हणून विस्तवाबद्दल आत्ताच बोलून ठेवलेलं बरं.

गॅस घरोघरी आला, तरी सिलिंडर संपला की बऱ्याच घरांत चूल किंवा शेगडी बाहेर निघते. काही घरांत पेलेटची शेगडीही आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाची चिपाडं, भुईमुगाची टरफलं दाबून केलेल्या बोटभर कांड्या. 2006 च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची अशी शेगडी महाराष्ट्र-कर्नाटकात विकायला आली. तिच्या रचनेत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा वाटा होता. पुढे पेलेट महागले आणि घरगुती वापर कमी झाला. आता हॉटेलांत आणि दावतीच्या देगीखाली पेलेटच्या मोठ्या भट्ट्या दिसतात. शेगडी लहान असो की मोठी, काळजी तीच.

ही शेगडी जळते कशी?

पेलेट भरून वरून पेटवतात. खालचा छोटा पंखा हवा देतो. थोडी हवा खालून पेलेटमध्ये जाते, त्यातून जळाऊ वायू निघतो. उरलेली हवा वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो वायू तिथे जळतो. म्हणून धूर कमी दिसतो. पण राखेने खालची जाळी बुजली, काजळीने भोकं बंद झाली किंवा पंखा मंदावला, की वायू अर्धवट जळतो. ज्योत पिवळी होते, भांड्याचं बूड काळं पडतं, डोळे चुरचुरतात. तेव्हा पेलेटला नावं ठेवण्याआधी शेगडी साफ करा.

साफसफाई

शेगडी पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका. गरम शेगडीवर पाणी तर कधीच ओतू नका. वाफेने हात भाजतो, धातू तडकतो, पंख्यात पाणी गेलं तर तो कायमचा बसतो. रोज राख काढा. जाळीवर राखेचे कडक खडे झाले असतील तर काडीने सोडवा. आठवड्यातून एकदा कडेची भोकं तारेने मोकळी करा आणि पंख्याची जाळी कोरड्या ब्रशने झाडा. पंखा विजेवर चालत असेल तर आधी पिन काढा. नाका-तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधा, राख बारीक असते.

राखेने आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. सकाळची राख गार झाली समजून आम्ही ती प्लास्टिकच्या घमेल्यात काढली. दुपारी पाहतो तर घमेल्याला भोक! राखेच्या पोटात निखारा तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. म्हणून राख पत्र्याच्या डब्यात काढा, झाकण लावा आणि डबा फरशीवर ठेवा. कडब्याची गंज, तुराट्या, पऱ्हाट्या यांच्याजवळ किंवा उकिरड्यावर ती लगेच टाकू नका.

पेलेट कोरडे ठेवा. ओल लागली की ते फुगून भुसा होतात आणि धूर करतात. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. पेटवताना थोडंसं रॉकेल लागलं तर आधीच टाका. आत निखारा असताना वरून रॉकेल ओतलं तर भडका थेट तोंडावर येतो.

खरा धोका दिसत नाही

ज्योत विझल्यावर खाली लालभडक कोळसा उरतो. धूर नसतो, ऊब छान असते. इथेच माणूस फसतो आणि शेगडी झोपायच्या खोलीत नेतो. त्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. लाकडाची चूल, कोळशाची शेगडी, पाण्याचा बंब, सगळ्यांना हेच लागू आहे.

झोपण्याआधी घरातली आग विझवा, ही ताकीद हदीसमध्येही आहे. शेगडी पेटलेली असताना दार किंवा खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाक झाला की निखाऱ्यासकट ती अंगणात काढा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. ऊब हवी तर रजई वाढवा.

खोलीत एकाहून जास्त जणांचं डोकं दुखू लागलं, मळमळ, चक्कर आली, तर पित्त म्हणून बसू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. आत कुणी बेशुद्ध असेल तर दार-खिडक्या सताड उघडा, त्याला लगेच बाहेर ओढा, आणि डॉक्टरांना खोलीत शेगडी होती हे आवर्जून सांगा.

आज रात्री झोपण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत एकदा डोकावा. पलंगाखाली शेगडी सर्वात जास्त तिथेच सापडते.